एकच वाट, वर्षभर : नागपुरात चालता चालता निसर्ग जपायची रीत

नागपुरात सकाळी फिरायला निघणाऱ्यांची वानवा नाही. साडेपाचला फुटाळ्याच्या काठावर, सेमिनरी हिल्सच्या चढावर, अंबाझरीच्या बगिच्यात, पाहावं तिकडे माणसं. पण बहुतेकांचं चालणं दहा हजार पावलांच्या हिशेबात अडकलेलं. निसर्गासाठी काही करायचं तर ते एखाद्या रविवारी, बॅनर लावून आणि टोप्या घालून. आणि अध्यात्म म्हटलं की देवघर, विहार नाहीतर सत्संगाचा हॉल. तीन कामांना तीन वेळा, तीन जागा. मग एकही धड होत नाही.

हे तिन्ही दीड तासाच्या एका फेरीत बसतं. त्यासाठी अट एकच: वाट ठरवायची आणि वर्षभर ती बदलायची नाही. फरक कळायला आधीचं माहीत असावं लागतं. गेल्या आठवड्यात या काटेसावरीवर किती पानं होती हे ठाऊक नसेल, तर आज तिची पानं गळली काय किंवा फांदीच छाटली गेली काय, आपल्याला पत्ता लागत नाही.

वाट निवडताना

घरून पायी पंधरा मिनिटांत गाठता येईल ती वाट सगळ्यांत चांगली. गाडी काढून गोरेवाड्याला जायचं, तिथे निसर्गाशी एकरूप व्हायचं आणि परतताना सिग्नलवर चिडचिड करायची, हे महिन्यातून एखाद्या वेळी ठीक आहे. रोजचं चालणं घराजवळच हवं. लांबी एक-दोन किलोमीटर पुरे. वाटेवर एखादं जुनं झाड असावं, थोडंफार पाणी असावं (तळं, नाला, विहीर, काहीही चालेल) आणि एक असा कोपरा असावा ज्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पडीक प्लॉट, नाल्याचा काठ, शाळेची मागची भिंत. हा कोपराच पुढे सगळ्यात जास्त शिकवतो.

पश्चिम नागपूरकरांची चैन आहे. त्यांना अंबाझरीचं जैवविविधता उद्यान आहे, तेलंगखेडी आहे, सेमिनरी हिल्स आहे. मधल्या वस्त्यांना महाराजबाग जवळ पडते. पूर्वेकडचे लोक मात्र म्हणतात, आमच्याकडे काय आहे? आहे की. सक्करदरा आहे, गांधीसागर आहे, नाईक तलाव आहे. लेंडी तलाव अतिक्रमणानं आक्रसला हे खरं, पण माझं मत विचाराल तर अशाच वाटा जास्त कामाच्या. अंबाझरीच्या जंगलावर वनखात्याची नजर असते, वस्तीतल्या तळ्याकाठच्या पिंपळावर कुणाचीच नसते.

नाग नदीच्या काठानं चालणारे थोडेच. वास येतो, मान्य. पण आठवड्यातून एकदा एखाद्या पुलावर पाच मिनिटं उभं राहावंच. लावा गावाजवळच्या टेकड्यांकडून आलेलं पाणी अंबाझरी तलावात साठतं, पुढे नाग नदी शहराचं सांडपाणी पोटात घेत वाहते, कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं गोसेखुर्दच्या जलाशयात पोचतं. म्हणजे आपल्या मोरीतून काय गेलं ते भंडाऱ्याकडच्या कोळ्याला कळतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा ज्या नदीनं शहराला नाव दिलं ती अजून नदीच आहे हे पुष्कळांना कळलं. पुलावर उभं राहून एवढं आठवलं तरी चिंतनाला विषय शोधावा लागत नाही.

वेळ आणि सामान

नागपूरचा उन्हाळा थट्टा नाही. एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पाचला निघून साडेसातच्या आत घरी यावं. डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि निघण्याआधी पोटात काहीतरी. पावसाळ्यात बंद बूट आणि हातात काठी हवी. घोणस, मण्यार, नाग सगळेच या दिवसांत बाहेर असतात आणि वाढलेल्या गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटलेली बरी. थंडीत साडेसहाच्या आधी उगाच उठू नका, पक्षीही ऊन आल्यावरच हलतात.

झाडावर आग्यामाशांचं मोहोळ दिसलं तर वाट वळवायची आणि त्या दिवशी अत्तर-बित्तर लावायचं नाही. बिबट्याची भीती विचारणारे असतात. २०२१ मध्ये एक बिबट शहरात बरेच दिवस फिरत होता, हे सगळ्यांना आठवतं. गोरेवाडा-अंबाझरीच्या कडेला अंधारात एकट्यानं जायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. बायकांनी एकटीनं सुनसान वाट धरण्याचा हट्ट करू नये. शांतता हवी म्हणून सुरक्षितपणा सोडण्यात काही अध्यात्म नाही. दोघी जा आणि बोलू नका.

पिशवीत काय ठेवायचं? एक जुनी गोणी, हातमोजे, छोटी कात्री, वही-पेन्सिल, पाण्याची बाटली. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तर अडत नाही.

पहिली वीस मिनिटं गप्प

मोबाइल सायलेंटवर नाही, बंद. आधी चार-पाच मिनिटं नेहमीच्या वेगानं चालून अंग मोकळं करा. मग वेग निम्म्यावर आणा. इथून खरी सुरुवात.

हळू चालण्याची युक्ती कुठून उसनी आणायची गरज नाही, आपल्याकडे ती तीन-चार घरांत आहे. विहारात जाणाऱ्यांना चंक्रमण ठाऊक आहे: ठरावीक अंतरात संथ येरझारा, पाऊल उचललं, पुढे गेलं, टेकलं, एवढ्यावरच लक्ष. जैन साधूंची ईर्यासमिती आहे: चार हात पुढची जमीन पाहत चालायचं, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. वारकरी नामाच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. ज्याला जे घरातून मिळालं असेल ते त्यानं वापरावं. काहीच मिळालं नसेल तर ईर्यासमिती धरा, असं मी सुचवते. कारण तिच्यात लक्ष आणि दया एकत्रच येतात. पावसाळ्यात जमिनीकडे पाहत पन्नास पावलं टाका. मखमली लाल मृगाचा किडा, गोगलगाय, अंडी तोंडात धरून निघालेल्या मुंग्यांची ओळ. पाऊल आपोआप बाजूला पडतं. त्यासाठी प्रवचन ऐकावं लागत नाही.

पुढची पाच मिनिटं कानांची. आधी सर्वांत लांबचा आवाज पकडा, बहुतेक वेळा तो रेल्वेचा किंवा रिंगरोडवरच्या ट्रकचा असतो. मग त्याच्या अलीकडचा, मग त्याच्या अलीकडचा, असं करत स्वतःच्या श्वासापर्यंत या. शहराचा गोंगाट नकोसा वाटला तर त्याच्याशी भांडू नका, तोही मोजा. जूनमध्ये नवरंग पक्षी येतो, त्याची दोन सुरांची शीळ पहाटे अंबाझरीच्या झुडपांतून येते. तो दिसत नाही, ऐकूच येतो. कान तयार नसतील तर तो येऊन गेल्याचं कळणारही नाही.

अडचणी येतातच. कुणाच्या खिशात भजन वाजत असतं, कोपऱ्यावर हास्यक्लबचा गडगडाट चालू असतो. आणि हळू चालणाऱ्या माणसाबद्दल नागपूरकरांना भलती काळजी. "ताई, चक्कर येऊन राहिली का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. "नाही भाऊ, पाहून राहिली," म्हणावं आणि पुढे सरकावं. दोनेक आठवड्यांत लोकांना सवय होते.

एक झाड, दहा मिनिटं

वाटेवरचं एकच झाड निवडा. वर्षभर तेच. शक्यतो देशी आणि मोठं: पिंपळ, वड, कडुनिंब, मोह, पळस, बहावा, चिंच, अर्जुन. त्याच्यापाशी थांबा आणि बुंध्यापासून शेंड्यापर्यंत पाहा. खोडाची साल कोरडी आहे की ओली, डिंक कुठून गळतोय, नवी पालवी कुठल्या बाजूनं आधी आली, ढोली कुणी बळकावली. मार्चमध्ये पिंपळाची तांबूस पालवी सकाळच्या उन्हात पाहायची असते. मोहाची फुलं पहाटे गळतात, उन्हं चढली की उरतात ती चुरगळलेली.

झाडाशी नातं जोडायचं म्हणजे त्याला मिठी मारायची, असा समज अलीकडे पसरला आहे. मारा, झाडाची हरकत नसते. पण या मातीत नात्याचा जुना प्रकार आहे. गोंड समाजात साजाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडात बडादेवाचा वास मानतात आणि नागपूर वसवणारा बख्त बुलंद शाह गोंड राजाच होता. दीक्षाभूमीवर, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, तिथे श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या रोपांपासून वाढलेला बोधिवृक्ष आहे. झाड पूज्य मानलं की ते तोडायचं नाही, एवढी सरळ गोष्ट.

आता पूज्य झाडांची आपण काय गत केली ते पाहा. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा कुठलाही पिंपळ घ्या. बुंध्याशी फुटक्या काचेच्या तसबिरी टेकवलेल्या: लक्ष्मी, साईबाबा, कुणाचे तरी आजोबा. त्यांच्यामागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेलं निर्माल्य, आतून काळं पडलेलं. खोडाला क्लासची पाटी, चार खिळ्यांवर. आणि भोवताली गट्टू (फरशीचे सिमेंटी ठोकळे) अगदी सालीला भिडवून बसवलेले, पाणी मुरायला बोटभर जागा नाही. कुणी दुष्टपणानं हे केलेलं नाही. तसबीर कचऱ्यात टाकवत नाही म्हणून लोक ती झाडाला सोपवतात.

इथे काम करायचं ते असं. तसबिरीची काच, चौकट आणि कागद वेगळे करा. चौकट-काच भंगारवाला नेतो. कागदी चित्र घरी बादलीत भिजवून लगदा करावा आणि कुंडीच्या मातीत मिसळावा, हेही विसर्जनच. निर्माल्य पिशवीतून काढून फुलं-पानं वेगळी, दोरा आणि जरी वेगळी. खिळे मात्र स्वतः उपसू नका, खोलवर गेलेला खिळा ओढताना साल फाटते. गट्टूंबद्दल आणि खोडात रुतलेल्या लोखंडी ट्री-गार्डबद्दल महापालिकेच्या उद्यान विभागाकडे फोटोसह लेखी तक्रार द्या. मागणी नेमकी लिहा: खोडाभोवती सगळीकडून मीटरभर माती मोकळी करावी. झाड ५० वर्षांपेक्षा जुनं असेल तर तेही लिहा. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनं अशा झाडांना 'हेरिटेज ट्री' म्हणून वेगळं संरक्षण दिलं आहे, आणि परवानगीशिवाय तर शहरातलं लहान झाडही तोडता येत नाही. पहिल्या अर्जाला उत्तर येईल ही आशा ठेवू नका. पोच घ्या, महिन्यानं तिची झेरॉक्स जोडून दुसरा द्या.

तसबीर ठेवायला आलेल्या काकूंना उपदेश करू नये. "काकू, आणा इकडे, मी नीट विसर्जन करते," एवढंच म्हणा. पुढच्या वेळी त्या आपणहून शोधत येतील.

आता गोणी काढा

मौन आणि कचरा एकत्र करू नका. कचरा दिसला की मन चिडतं आणि चिडलेल्या मनाला पक्षी ऐकू येत नाही. म्हणून जाताना पाहायचं, परतताना उचलायचं. सगळी वाट साफ करायचा विडा उचलू नका. तो दुर्लक्षित कोपरा, तेवढाच.

नागपूरचा कचरा ओळखू येतो. सगळ्यात जास्त निघतात खर्र्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, प्लॅस्टिक पन्न्या, चुरगळून मुठीएवढ्या झालेल्या, आत सुपारीचे चार तुकडे. पावसात त्या नालीच्या जाळीवर थर धरून बसतात आणि रस्त्यावर पाणी का तुंबलं हे जो तो महापालिकेला विचारतो. पन्न्या वेगळ्या साठवा आणि महिन्यानं जवळच्या पानठेल्यावर नेऊन दाखवा. भांडायला नाही, डबा ठेवायची गळ घालायला. ठेलेवाला नेहमीच्या गिऱ्हाइकाचं ऐकतो, अनोळखी कार्यकर्त्याचं नाही, म्हणून आधी त्याच्याकडे दोनदा चहा घेतलेला बरा.

जानेवारीत काम बदलतं. संक्रांतीला नागपूरचं आकाश पतंगांनी भरतं आणि नंतर महिनाभर झाडाझाडांत मांजा लोंबतो. नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी सापडतो. त्यात घुबड अडकतं, बगळा अडकतो, वटवाघूळ तर हमखास. हाताला येईल तेवढा कात्रीनं तुकडे करून गोळा करा, लांब तसाच टाकला तर तो परत कुणाच्या तरी पायात जातो. जिवंत पक्षी अडकलेला दिसला तर ओढाताण करू नका. वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. जखमी वन्यजीवांसाठी सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. तोवर पक्षी अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात ठेवायचा आणि चोचीत पाणी ओतायचं नाही.

जुलैत गाजर गवत. पाऊस पडून माती मऊ झाली की, पण पांढरी फुलं येण्याआधी, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, नाक-तोंड झाका, अंगावर पुरळ उठतं. फूल आल्यावर उपटलं तर बी आपणच पसरवतो, कारण एका रोपावर हजारोंनी बी धरतं. पानं कुरतडणारे फिकट ठिपक्या-पट्ट्यांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते झाड राहू द्या. हे मेक्सिकन भुंगेरे त्याच कामासाठी भारतात आणलेत. टणटणीचं, म्हणजे घाणेरीच्या झुडपाचं, वेगळं आहे. ती जंगलाच्या जमिनीवर असेल तर वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. वरवर कापली तर दुप्पट फुटते आणि तिच्या जाळीत कुणाचं घरटं आहे ते बाहेरून दिसत नाही.

नवं झाड लावायची घाई नको. त्याऐवजी गेल्या पावसाळ्यात कुणीतरी समारंभानं लावलेली आणि विसरलेली दोन रोपं शोधा. मार्च ते जून आठवड्यातून दोनदा एकेक बादली पाणी, भोवती वाळक्या पाचोळ्याचा थर. मेमध्ये जगलेलं एक रोप जुलैत लावलेल्या पन्नासांपेक्षा मोलाचं. पाचोळा जाळणारा सफाई कामगार दिसला तर त्याच्यावर ओरडू नका, ढीग आपल्या रोपांच्या आळ्यांसाठी मागून घ्या. त्याचेही कष्ट वाचतात.

आणि माशांना कणकेच्या गोळ्या, माकडांना बिस्किटं, कबुतरांना ज्वारीची पोती, हे पुण्य बंद करा. तळ्यात टाकलेलं अन्न सडतं, सडताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि ज्यांना खाऊ घातलं तेच मासे उलटे तरंगतात.

दोन ओळी वहीत

नोंद म्हणजे निबंध नव्हे. तारीख, वेळ, झाडाची अवस्था, दिसलेले पक्षी, उचललेला कचरा, झालं. लोकांच्या नोंदी गोळा करणारी संकेतस्थळं आहेत: झाडाची नोंद आठवड्याला सीझनवॉचवर टाकता येते, पक्ष्यांची ई-बर्डवर. देशभरातल्या पक्षी निरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या याद्यांवरूनच कुठले पक्षी घटताहेत त्याचे अहवाल तयार होतात, त्यामुळे 'आज फक्त साळुंक्या आणि कावळे' ही यादीही वाया जात नाही. जे दिसलं ते सगळं लिहा, फक्त सुंदर तेवढं नको. मारुती चितमपल्लींचा जन्मदिन ५ नोव्हेंबर, सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, आणि या दोहोंमधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सुरुवात करायला हा आठवडा छान. पाहुणी बदकं तळ्यांवर उतरू लागलेली असतात आणि हवा सुखाची असते.

शेवटची दहा मिनिटं

बसायला दगड, पार, बाकडं, काहीही. श्वास तीन-चार वेळा पोटापर्यंत. मग स्वतःला एक प्रश्न, रोज एकच: आज मी काय पाहिलं जे काल नव्हतं? माझ्या घरातून आज या वाटेवर काय आलं? माझ्यावाचून इथे काय नीट चाललं आहे? तिसरा प्रश्न साधा वाटतो, पण आपण या परिसराचे उद्धारकर्ते आहोत असा फुगा हळूहळू फुगत असतो, त्याला तो टाचणी लावतो. स्वयंसेवकांचा अहंकार हा या मार्गातला मोठा खड्डा, आणि गोणी भरली की तो जास्तच दिसायला लागतो.

कधी वाईटच वाटतं. आपलं झाड एका सकाळी छाटलेलं दिसतं, तळ्यात मासे मेलेले असतात. अशा दिवशी चिंतनाच्या नावाखाली मन शांत करायची घाई करू नये. दुःख झालं तर होऊ द्यावं, फोटो काढावा, अर्ज लिहावा. प्रार्थना करणाऱ्यानं प्रार्थना करावी, पण अर्जाची पोच घेतल्यावर.

मंडळी जमली तर

शेजारी विचारू लागतील. सहाजणांपेक्षा जास्त नको, बोलणं आवरत नाही. व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर त्यात सुप्रभात बंद, फक्त नोंदी आणि तक्रारींचे क्रमांक. लहान मुलं असतील तर मौन पाच मिनिटांचं करा आणि मुंग्यांची ओळ कुठून कुठे जाते ते शोधायचं काम त्यांना द्या. आजोबा-आजी असतील तर झाडांची जुनी नावं आणि इथे पूर्वी विहीर कुठे होती ते त्यांच्याकडून लिहून घ्या.

फेरी संपली की तर्री-पोहे हे आलंच. ठेल्यावर प्लॅस्टिकचा चमचा आणि डिस्पोजल मिळतं, म्हणून आपापली स्टीलची ताटली आणि चमचा पिशवीत टाकून न्यावा. तर्री किती घ्यायची यावर मात्र काही नियम नाही.